विहिरीवरील धारित्र : त्याचें कार्य, त्याचे प्रकार व त्यांत शेतकऱ्याचें हित

मोट होती त्या काळीं पाणी कां थांबलें हें शेतकऱ्यास कोणीं सांगावें लागत नसे. नाडा तुटला, सोंदूर झिजला, चाक कुरकुरलें, कीं तें डोळ्यांस दिसे व कानांस ऐकूं येई; दुरुस्तीहि गांवांतच होई. आज काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांपासून भिवापूरच्या मिरचीच्या वावरांपर्यंत विहिरीवर विजेची मोटर आली आहे. तिनें बैलांचे व माणसांचे कष्ट वाचविले यांत शंका नाहीं. परंतु ती बंद पडली म्हणजे कां पडली हें मालकास कळत नाहीं. पेटींत काय आहे तें कारागिरास ठाऊक, आणि कारागीर राहतो तालुक्याच्या गांवीं. आंबिया बहाराचा ताण तोडून बागेस पाणी सुरू करावयाचें, आणि नेमकी त्याच आठवड्यांत मोटर जळावी अथवा डी.पी. उडावी, हा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा अनुभव आहे. अशा वेळीं दहा-पंधरा दिवसांच्या खोळंब्यानें वर्षाच्या उत्पन्नास धक्का बसतो.

या नुकसानीच्या मुळाशीं पुष्कळदां एक लहानशी डबी असते. कोणी तीस कंडेन्सर म्हणतात, कोणी कपॅसिटर म्हणतात. शास्त्रीय मराठींत तिला धारित्र असें नांव आहे. ती नसल्यामुळें, बिघडल्यामुळें किंवा भलत्याच जातीची लावल्यामुळें किती हानि होते, व योग्य रीतीनें लावल्यास किती हित होतें, हें समजून घेणें अवघड नाहीं. आम्ही महसूल खात्यांतील कारकून. विजेचें शास्त्र आम्ही शाळेंत शिकलों नाहीं. तथापि जमाबंदीचे आंकडे तपासण्यांत आयुष्य गेल्यामुळें कोणत्याहि गोष्टीचा जमाखर्च मांडून पाहण्याची संवय जडली आहे. जाणत्या कारागिरांस विचारून, पुस्तकें चाळून व विहिरीवरील पेट्या उघडून पाहून जें समजलें, तें आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

धारित्राची घडण

धातूचे दोन पातळ पत्रे समोरासमोर ठेवावे, व एकमेकांस स्पर्श होऊं नये म्हणून मध्यें विजेस वाट न देणारा पदार्थ घालावा, कीं धारित्र तयार झालें. मधला पदार्थ हवा असो, कागद असो, अभ्रक असो कीं प्लास्टिकचा पापुद्रा असो, तत्त्व एकच. एका पत्र्यास विजेचें एक टोंक व दुसऱ्यास दुसरें टोंक जोडलें म्हणजे एकावर धन व दुसऱ्यावर ऋण वीज जमूं लागते. दोहोंस परस्परांची ओढ असते, पण मधली भिंत ओलांडतां येत नाहीं. म्हणून त्या भिंतीच्या दोन्ही अंगांस दाटी करून उभ्या राहतात. बाहेरची तार काढून घेतली तरी ही दाटी कायम राहते; दोन टोंकांस वाट मिळतांच ती क्षणार्धांत मोकळी होते.

पाण्याच्या नळाच्या मध्यभागीं रबराचा पडदा ताणून बसविला आहे अशी कल्पना करा. एका बाजूनें पाण्याचा दाब आला कीं पडदा फुगेल, थोडें पाणी त्या बाजूस शिरेल, आणि मग सारें थांबेल. पडद्याच्या पलीकडे थेंबहि जाणार नाहीं. परंतु दाब एकदां इकडून व एकदां तिकडून असा आलटून पालटून आला, तर पडदा मागें पुढें हलेल व नळांतील पाणीहि दोन्ही अंगांस हेलकावे खाईल. धारित्राचेंहि असेंच आहे. बॅटरीची एकमार्गी वीज त्यांत एकदां भरते व अडते. पण आपल्या घरीं व विहिरीवर येणारी वीज सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट फिरणारी असल्यामुळें ती धारित्रांत अखंड भरत व ओसरत राहते.

बॅटरी व धारित्र यांत पुष्कळांचा घोंटाळा होतो. बॅटरी म्हणजे धान्याचें पेंव. त्यांत पुष्कळ मावतें, पण भरावयास व उपसावयास वेळ लागतो, कारण तेथें रासायनिक क्रिया घडते. धारित्र म्हणजे खळ्यावरची पाटी. तींत थोडेंच मावतें, पण भरली व ओतली असें निमिषांत होतें.

पाटी किती मोठी हें तीन गोष्टींवर ठरतें. पत्र्याचें क्षेत्र जितकें अधिक, तितकी वीज अधिक मावते. दोन पत्रे जितके जवळ, तितकी ओढ अधिक व वीजहि अधिक. तिसरी गोष्ट मधल्या पदार्थाची जात. हवेपेक्षां कागद, अभ्रक वगैरे पदार्थ अधिक सोयीचे. या मापास फॅरड म्हणतात. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नांवावरून तें पडलें आहे. हें माप इतकें मोठें आहे कीं व्यवहारांत त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरावा लागतो. घरांतील छताच्या पंख्यास बहुधा अडीच मायक्रोफॅरडचें धारित्र असतें. तें क्षीण झालें कीं पंखा मंद फिरतो अथवा हातानें ढकलल्यावांचून फिरतच नाहीं, हें सर्वांनीं पाहिलेंच असेल.

थोडा पूर्ववृत्तांत

इ.स. १७४५ सालीं पोमेरानिया प्रांतांत फॉन क्लाइस्ट या गृहस्थानें, व पुढील सालीं हॉलंडांतील लायडन शहरीं मुस्शेनब्रूक या पंडितानें, कांचेच्या बाटलींत पाणी व खिळा घालून वीज सांठवून दाखविली. बाटली हातांत धरून खिळ्यास स्पर्श करतांच जबर हिसका बसला. लगेच फ्रान्सांत नोले नांवाच्या पाद्र्यानें राजासमोर १८० शिपाई हातांत हात देऊन उभे केले व त्यांच्यामधून अशाच बाटलींतील वीज सोडली. सारे शिपाई एकदम उडाले. ही ‘लायडनची बाटली’ म्हणजे जगांतील पहिलें धारित्र होय. कंडेन्सर हा आपल्या मिस्त्रींच्या तोंडचा शब्दहि इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस योजिलेल्या नांवावरून आला आहे. कांचेच्या त्या बाटलीनें जो धडा शिकविला तो आजहि विसरूं नये : वीज बंद केली म्हणजे धारित्र रिकामें झालें असें नाहीं.

मुख्य प्रकार

धारित्रांचे प्रकार मधल्या पदार्थावरून पाडतात. शेतकऱ्यास ज्यांशीं काम पडतें त्यांचा विस्तारानें व इतरांचा थोडक्यांत उल्लेख करितों.

पहिला प्रकार कागदी. दोन धातूच्या वर्खांमध्यें तेलांत भिजविलेला कागद घालून त्यांची गुंडाळी करीत व ती डब्यांत बंद करीत. जुन्या पंपांवर व कारखान्यांत हीं धारित्रें पुष्कळ होतीं. त्यांपैकीं कांहींत घातलेलें तेल विषारी असे. म्हणून जुना, गळका डबा सांपडल्यास त्यांतील तेल अंगास लावूं नये, जाळूं नये व विहिरीच्या आसपास सांडूं देऊं नये. कित्येक ठिकाणीं सांधे दुखतात म्हणून असें तेल चोळण्याची चाल आहे. ती अत्यंत घातुक होय.

दुसरा प्रकार प्लास्टिकच्या पापुद्र्याचा. आज विहिरीवर जो डबा दिसतो तो बहुशः याच जातीचा. पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लास्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा घेऊन त्यावरच जस्ताची अथवा अॅल्युमिनियमची वाफ बसवितात, व त्याची गुंडाळी करितात. याचा एक मोठा गुण असा, कीं पापुद्र्यास कोठें बारीक छिद्र पडून ठिणगी उडाली, तर त्या जागेभोंवतींचा धातूचा लेप जळून जातो व जखम आपोआप भरते. मात्र प्रत्येक वेळीं थोडें क्षेत्र कमी होतें. पुष्कळ वर्षें व उन्हाळ्याची आंच सोसून धारित्र बाहेरून जसेंच्या तसें दिसतें, पण आंतून अर्धें झालेलें असतें. शेतसाऱ्याच्या पत्रकांत जमीन पूर्ण लिहिलेली असावी आणि नदीनें मात्र ती निम्मी खाल्लेली असावी, तशीच ही गोष्ट.

तिसरा प्रकार विद्युत्-विच्छेद्य, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक. यांत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक रीतीनें चढविलेला गंजाचा सूक्ष्म थर हीच मधली भिंत असते. थर अत्यंत पातळ म्हणून लहानशा डबींत पुष्कळ वीज मावते. रेडिओ, चार्जर इत्यादिकांत एकमार्गी विजेसाठीं जीं लावतात त्यांस धन व ऋण अशीं ठरलेलीं टोंकें असतात. उलट जोडल्यास तीं तापून फुटतात. एक फेजच्या मोटरीस प्रथम धक्का देण्यासाठीं याच जातीचें, परंतु दोन्ही बाजूंनीं चालणारें, काळ्या डबीचें धारित्र वापरतात. तें कांहीं सेकंदांपुरतेंच बनविलेलें असतें.

बाकीचे प्रकार शेतावर क्वचित् दिसतात. चिनी मातीसारख्या पदार्थाचीं सिरॅमिक धारित्रें डाळीच्या दाण्याएवढीं, किंवा त्याहूनहि लहान, असून एकेका मोबाइलांत शेंकडों असतात. अभ्रकाचीं धारित्रें रेडिओच्या कामीं नांवाजलेलीं. त्यांकरितां कोडरमा-गिरिडीहकडील अभ्रक एके काळीं साऱ्या जगांत जात असे. हवेचें धारित्र म्हणजे जुन्या रेडिओंतील एकमेकांत सरकणाऱ्या पत्र्यांचा गुच्छ. १९४८ सालीं नागपूर आकाशवाणी सुरू झाली, तेव्हां श्रोते जी खुंटी पिळून स्टेशन लावीत ती हेच पत्रे फिरवीत असे. अलीकडे हजारों फॅरडचीं महाधारित्रेंहि निघालीं आहेत. पण त्यांचा विहिरीशीं आज संबंध नाहीं.

एक फेजच्या पंपावर धारित्राचें काम

एक फेजची वीज मोटरींत नुसती मागें पुढें ढकलते, फिरवीत नाहीं. जात्याचा खुंटा नुसता पुढें लोटला व मागें ओढला तर जातें फिरत नाहीं. त्यास बाजूनेंहि रेटा द्यावा लागतो. मोटरींत तारांचें दुसरें वेटोळें घालून त्याच्या वाटेंत धारित्र ठेवितात. धारित्रामुळें त्या वेटोळ्यांतील प्रवाह पहिल्याच्या अगोदर धांवतो, व दोहोंच्या वेळांतील या अंतरानें बाजूचा रेटा मिळून मोटर फिरूं लागते.

बोअरमधील पाणबुडी पंपाच्या पेटींत म्हणूनच बहुधा दोन डब्या असतात. एक आरंभाची, तिचें माप शंभर मायक्रोफॅरडच्या वर असतें, व बटन दाबून ठेवावें तेवढाच वेळ तिनें काम करावयाचें असतें. दुसरी चालूची; ती पापुद्र्याची, मापानें लहान, व पंप चालेल तोंवर जोडलेली राहते. आरंभाच्या डबीचें बटन चिकटून राहिलें तर ती थोड्याच वेळांत फुगून फुटते. चालूची डबी क्षीण झाली तर मोटर गूं गूं करिते, उठत नाहीं, किंवा उठली तरी तापते. मोटर जळली असें समजून दोरखंड लावून पंप वर काढण्यापूर्वीं डबी तपासून पहावी. मोठ्या खर्चाऐवजीं पुष्कळदां नवी डबी लावूनच काम भागतें. मात्र तीच जात, तेंच माप व तितकाच किंवा अधिक व्होल्टचा आंकडा पाहूनच ती घ्यावी. चालूच्या डबीच्या जागीं काळी आरंभाची डबी बसविणें म्हणजे पुढच्या बिघाडास आमंत्रण देणें होय.

तीन फेजच्या पंपावर धारित्राचें काम

तीन फेजच्या मोटरीस फिरण्यासाठीं धारित्राची गरज नसते. मग तेथें तें कशासाठीं, असा प्रश्न आम्हांस अनेकांनीं केला आहे. याचें उत्तर हातउसन्याच्या व्यवहारांत आहे.

मोटर दोन प्रकारची वीज मागते. एक खर्चाची, तिनें पाणी वर चढतें, आणि ती परत येत नाहीं. दुसरी चुंबकत्व उभें करण्यापुरती. ती मोटर घेते व लगेच परत करिते, पुन्हां घेते व पुन्हां परत करिते, असें सेकंदास शंभर वेळां चालतें. हें हातउसनें दूरच्या रोहित्राकडून, ज्यास आपण डी.पी. म्हणतों त्याकडून, आणावें लागतें. वहींत पाहतां घेणें व देणें फिटून बाकी शून्य राहते. पण नेणारा-आणणारा रस्ता तुडवितोच. त्याच्या वर्दळीनें तारा तापतात, रोहित्र तापतें, व शेवटच्या विहिरीपर्यंत दाब पोंचत नाहीं.

धारित्रहि वीज घेतें व परत करितें. पण त्याची वेळ मोटरीच्या नेमकी उलट असते. मोटर मागते त्या क्षणीं धारित्र देत असतें, व मोटर परत करिते त्या क्षणीं तें घेत असतें. असा सावकार शेजारींच बसला म्हणजे हातउसन्यासाठीं दूर जाण्याचें कारण उरत नाहीं. खर्चाच्या विजेचा एकूण विजेशीं जो वांटा, त्यास शक्तिगुणक म्हणतात. तो एकाच्या जितका जवळ, तितकी व्यर्थ वर्दळ कमी.

आतां हिशेब पाहूं. पांच अश्वशक्तीचा पंप म्हणजे पाऊणेचार किलोवॅटच्या जवळपास, नेमकें म्हणाल तर ३·७३ किलोवॅट काम. मोटर दिलेल्या विजेपैकीं शेंकडा ८० कामांत लावते असें धरल्यास तिला ४·६६ किलोवॅट वीज लागेल. शक्तिगुणक ०·७५ असतां रोहित्रावर ६·२ केव्हीए भार पडतो, व ४१५ व्होल्टांवर प्रत्येक तारेंतून सुमारें ८·६ अँपियर प्रवाह वाहतो. आतां दोन केव्हीएआरचें धारित्र जोडलें तर शक्तिगुणक ०·९१ होतो, भार ५·१ केव्हीएवर येतो व प्रवाह ७·१ अँपियर राहतो. म्हणजे १०० केव्हीएचें जें रोहित्र अशा सोळा पंपांनीं भरून जातें, तेंच एकोणीस पंप झेलूं शकतें. शिवाय तारांतील ताप प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यानें तारांतील नाश जवळजवळ एकतृतीयांश कमी होतो. नवें रोहित्र नाहीं, नवी तार नाहीं. केवळ प्रत्येक विहिरीवर एकेक डबी.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. धारित्रानें मीटरावरील युनिटें फारशीं कमी होत नाहींत, कारण मीटर खर्चाची वीज मोजतें, हातउसन्याची नव्हे. बाजारांत भिंतीच्या सॉकेटमध्यें खोंवावयाची डबी ‘वीज वाचविणारी’ म्हणून विकतात, व निम्मीं बिलें येतील असें सांगतात. अशा डबीच्या पोटांत बहुधा एक लहानसें धारित्रच असतें. घरगुती बिल तिनें निम्में होणें शक्य नाहीं. अशा फेरीवाल्यास पैसे देऊं नयेत. धारित्राचा लाभ निराळा आहे : रोहित्र टिकतें, दाब सुधारतो, आणि दाब सुधारल्यानें मोटर कमी तापते.

किती मोठें धारित्र लावावें ?

सामान्यतः तीन अश्वशक्तीस एक, पांचास दोन, साडेसातास तीन व दहास चार केव्हीएआर असें प्रमाण ठेवितात. तथापि मोटर बनविणाऱ्याचें कोष्टक मिळाल्यास तेंच प्रमाण मानावें. अधिक मोठें लावलें म्हणजे अधिक फायदा, असा समज चुकीचा आहे. गरजेहून मोठें धारित्र जोडल्यास वीज बंद केल्यावर फिरती मोटर व धारित्र यांचें आपसांत देणें-घेणें चालू राहून दाब भलताच चढतो व वेटोळें जळतें. खतासारखेंच हें, मात्रेबाहेर गेलें कीं पीक करपतें.

धारित्र नेहमीं स्टार्टरच्या पुढें, मोटरीच्या बाजूस जोडावें; म्हणजे मोटरीबरोबर तेंहि बंद होतें. स्टार-डेल्टा स्टार्टर असल्यास जोडणी निराळी असते, ती जाणत्या वायरमनकडूनच करवावी. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेच्या पुढें धारित्र जोडलें असतां रिलेंतून जाणारा प्रवाह कमी होतो. म्हणून रिलेची खूणहि त्या मानानें खालीं आणावी, नाहींतर मोटरीचें रक्षण होणार नाहीं. विकत घेतांना डब्यावर भारतीय मानकाची खूण पहावी. पंपाच्या शक्तिगुणकासाठीं लावावयाच्या स्वयंभरणी धारित्रास आय.एस. १३३४० हें मानक आहे व एक फेजच्या मोटरीच्या धारित्रास आय.एस. २९९३ हें आहे.

धारित्र जिवंत आहे कीं मेलें हें पाहण्याची सोपी युक्ति आहे. वायरमनजवळ तारेभोंवतीं धरावयाचा चिमटा-मीटर असतो. ४१५ व्होल्टांवर दर केव्हीएआरमागें प्रत्येक तारेंत सुमारें १·४ अँपियर प्रवाह दिसला पाहिजे. दोन केव्हीएआरला पावणेतीन. तो निम्म्यावर आला असल्यास डबा बदलावा. मात्र दाब कमी असेल तर हा आंकडाहि कमी दिसेल, व धारित्राचें काम तर दाबाच्या वर्गाप्रमाणें घटेल. साडेतीनशें व्होल्टांवर दोनाचें धारित्र दीडाचेंहि काम करीत नाहीं. यास्तव दाब पार कोसळल्यावर धारित्रें लावण्यापेक्षां, तो कोसळूं नये म्हणून सर्वांनीं आधींच लावणें शहाणपणाचें.

एकट्याचें नव्हे, सर्वांचें काम

आमच्या पाहण्यांत अशा विहिरी आल्या आहेत, कीं पेटींत धारित्र आहे पण त्याच्या तारा सोडवून ठेविल्या आहेत. कारण विचारलें असतां, ‘बिल कमी झालें नाहीं’ हें एक, आणि ‘शेजाऱ्यानें लावलें नाहीं, मग मीच कां लावूं’ हें दुसरें. दुसऱ्या उत्तरांत तथ्य आहे हें मान्य केलें पाहिजे. एका रोहित्रावरील वीस पंपांपैकीं एकानेंच धारित्र लावलें तर रोहित्रास त्याचा पत्ताहि लागणार नाहीं. बांधबंदिस्तीप्रमाणें हें काम शिवारानें एकत्र करावयाचें आहे.

२०२४ च्या एप्रिलपासून राज्यांत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. तेव्हांपासून कांहीं जण म्हणतात, वीजच फुकट, मग धारित्राचा खर्च कशास ? परंतु मोटर फुकट भरून मिळत नाहीं, आणि जळलेलें रोहित्र बदलून येईपर्यंत पीक थांबत नाहीं. कोराडीच्या केंद्रांत १९७४ पासून वीज निघत आहे, म्हणजे नागपूरच्या शेतकऱ्याच्या अगदीं उशाशीं ती तयार होते. पण उशाशीं असलेली वीज शेवटच्या विहिरीवर दाबानें पोंचणें हें आपल्या शिवारांतील तारा व रोहित्र यांवर अवलंबून आहे.

याच कारणानें दोन दुष्ट संवयी सोडल्या पाहिजेत. एक ऑटो-स्विचची. वीज गेली असतां पंप आपोआप चालू व्हावा म्हणून तो लावतात. वीज आली कीं शिवारांतले सारे पंप एकाच क्षणीं उठूं पाहतात. सुरू होतांना मोटर नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि त्या एका झटक्यांत रोहित्र जातें. दुसरी संवय, एक फेज गेली असतां धारित्राच्या साह्यानें तीन फेजची मोटर दोन फेजांवर रेटण्याची. मोटर फिरते खरी, पण वेटोळीं तापतात, उरलेल्या फेजांवर असमान भार पडतो, व एका रात्रीच्या पाण्यासाठीं सर्वांचें रोहित्र धोक्यांत येतें. येथें धारित्राचा दोष नाहीं. दोष त्याच्या उपयोगाचा.

सौरपंप ज्यांनीं बसविले आहेत त्यांनीं हें लक्षांत ठेवावें, कीं त्यांच्या नियंत्रक पेटीपुढें मोटरीस शक्तिगुणकाचें धारित्र जोडूं नये. त्यानें पेटीच निकामी होते. त्या पेटीच्या पोटांत स्वतःचीं धारित्रें असतात.

कुंपणावरील धारित्र

रानडुकरें व रोही यांच्या उपद्रवानें विदर्भांतील शेतकरी जेरीस आला आहे, हें आम्ही नव्यानें सांगावयास नको. यावर झटका-मशीन हा जो उपाय आहे, त्याचें हृदय धारित्रच होय. बॅटरीची अथवा सौरपाटीची वीज यंत्रांत चढवून धारित्रांत भरतात, व सुमारें सेकंदास एकदां ती एकदम तारेंत सोडतात. दाब हजारों व्होल्टांचा असतो. पण पाटी लहान असल्यामुळें वीज अत्यल्प, आणि झटका सेकंदाच्या अत्यल्प भागापुरताच. जनावरास चटका बसतो, मध्यंतरीं सुटण्यास अवसर मिळतो, व तें पळून जातें.

याउलट खांबावरची वीज सरळ कुंपणांत सोडणें म्हणजे मृत्यूचा सांपळा मांडणें होय. ती अखंड वाहते, स्नायु आखडतात, व धरलेली तार सुटत नाहीं. तिला रानडुक्कर व शेजाऱ्याचा मुलगा यांतील भेद कळत नाहीं. २०१७ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीडकडे ‘श्रीनिवास’ नांवाचा वाघ अशाच तारेनें मेला. वाघाची बातमी होते. अंधारांत पाण्याची पाळी द्यावयास निघालेला शेतकरी स्वतःच्याच अथवा शेजाऱ्याच्या तारेवर पडतो, त्याचें दुःख त्याच्या घरापुरतें राहतें. असें कुंपण करणें गुन्हा तर आहेच. पण कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या पिकासाठीं हें करावयाचें त्या पिकाची किंमत एका जिवाएवढी नाहीं. मानकाप्रमाणें बनविलेलें झटका-मशीनच घ्यावें, व घरीं जोडजाड करून केलेल्या यंत्राच्या वाटेस जाऊं नये.

खबरदारी

१. पेटी उघडण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करावा, व निदान पांच मिनिटें थांबावें. चांगल्या धारित्रांत सांठलेली वीज हळूहळू जिरविण्यासाठीं रोधक असतो, पण तो तुटलेला असूं शकतो. म्हणून मीटरनें तपासल्यावांचून टोंकांस हात लावूं नये.

२. फुगलेला, गळणारा अथवा काळवंडलेला डबा त्याच दिवशीं काढावा.

३. डबा उन्हांत अथवा मोटरीच्या अंगास चिकटवून ठेवूं नये. नागपूरच्या वैशाखांत पत्र्याची पेटी आंतून भट्टीसारखी तापते. पेटीवर सावली करावी व तींत हवा खेळूं द्यावी.

४. वर्षांतून दोन वेळां, म्हणजे आंबिया बहाराच्या पाण्यापूर्वीं व मृगापूर्वीं, धारित्राचा प्रवाह मोजून त्याची नोंद वहींत करावी. तीन वर्षांची नोंद समोर असली म्हणजे डबा केव्हां बदलावा हें कोणास विचारावें लागत नाहीं.

आमची सूचना अशी आहे, कीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आपापल्या रोहित्रावरील पंपधारकांची एक यादी करावी. तींत नांव, मोटरीची अश्वशक्ति, धारित्र आहे कीं नाहीं, आणि असल्यास जिवंत आहे कीं नाहीं, असे चार रकाने असावे. एका सकाळीं एक वायरमन सोबत घेऊन शिवार फिरलें तर ही यादी पुरी होते. ज्यांस डबे हवे त्यांनीं एकत्र खरेदी करावी. एकट्यास दुकानदार जो भाव सांगतो तो दहा जणांस सांगत नाहीं. यादी ज्या रोहित्रावर पुरी होईल तेथें पुढील उन्हाळ्यांत दाब किती राहिला व मोटरी किती भरून आणाव्या लागल्या, याचे आंकडे सभासदांनीं या मासिकाकडे धाडावे. ते आम्ही आनंदानें जुळवून पाहूं व येथेंच प्रसिद्ध करूं.